कोरॅन्युलीन घ्यावं की सुमनीन? कार्बनच्या दोन वाट्यांची तुलना

माझी भाची इथे बडोद्यातच सेंद्रिय रसायनात एम.एस्सी. करते आहे, शेवटच्या वर्षाला. गेल्या रविवारी ती डांडिया बाजारातल्या आमच्या घरी आली ती हातात दोन शोधनिबंधांच्या प्रिंट घेऊनच. चपला काढता काढता म्हणाली, "मामा, सरांनी दोन रेणू सांगितलेत. एक निवडायचाय, उद्यापर्यंत." एक कोरॅन्युलीन, दुसरं सुमनीन. दोन्ही वाटीच्या आकाराचे ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन, म्हणजे बेंझीनसारखी कडी एकमेकांना जोडून झालेले, फक्त कार्बन आणि हायड्रोजनचे रेणू. मी नोकरीभर कारखान्यात प्रोसेसचं काम केलं असलं तरी त्याआधी पीएच.डी.च्या निमित्ताने अशा वाकड्या रेणूंच्या मागे बरेच दिवस घातले होते. तिला शेव-उसळ खाता खाता जे सांगितलं तेच इथे जरा नीट लिहितो. असा पेच पडलेली ती एकटीच नसणार.

निवाडा आधीच सांगून टाकतो. हातात सहा महिने, एक हूड (वाफा ओढून घेणारं कपाट) आणि अर्ध्या वाटणीतला रोटावेपर (द्रावक उडवायचं यंत्र) असेल तर कोरॅन्युलीन. तीन-चार वर्षं, ग्लोव्ह बॉक्स (हवा-ओलावा आत न येणारी हातमोजे लावलेली पेटी) आणि ओलावा न चालणाऱ्या रिॲक्शनचा सराव असेल तर सुमनीनचा विचार जरूर करा. आणि कोणी तुम्हाला हजार अंशांची भट्टी दाखवून भुरळ घालत असेल तर दोन्ही हात खिशात ठेवा. या निवाड्यामागे कुठला रेणू जास्त देखणा हा प्रश्न नाही. कुठल्या रेणूचे किती ग्रॅम वाया घालवणं तुम्हाला परवडतं, एवढाच आहे. शिकताना माल वाया जातोच.

वाटी होते कशी

पळसाच्या पानांचा द्रोण लावताना काय करतात ते आठवा. सपाट पत्रावळीत एक चुणी घ्यायची, पान पानावर चढवायचं, काडी टोचायची. घेर कमी झाला की पान आपोआप उचललं जातं. कार्बनच्या जाळीत ही चुणी म्हणजे पंचकोन. एका षटकोनाभोवती सहा षटकोन बसवले तर कोरोनीन मिळतं, पापडासारखं सपाट. मधल्या षटकोनाच्या जागी पंचकोन ठेवा, भोवती पाचच षटकोन मावतील आणि जाळी वाटीसारखी वर येईल. हे कोरॅन्युलीन: २० कार्बन, १० हायड्रोजन.

सुमनीनची चुणी वेगळ्या जागी आहे. मध्यभागी षटकोनच, पण त्याच्या भोवती एकाआड एक तीन षटकोन आणि तीन पंचकोन. एकूण २१ कार्बन, १२ हायड्रोजन. त्या तीन पंचकोनांच्या बाहेरच्या टोकाला प्रत्येकी एक साधा, दोन हायड्रोजन असलेला कार्बन. ॲरोमॅटिक नसलेले हे तीन कोपरे लक्षात ठेवा, पुढचा अर्धा वाद त्यांच्यावरच आहे.

दोन्ही आकार ६० कार्बनांच्या फुलरीनच्या गोळ्यातून कापून काढता येतात. फुलरीन सापडलं १९८५ मध्ये, त्यावर क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांना १९९६ चं नोबेल मिळालं. कोरॅन्युलीन मात्र १९६६ चं आहे, मिशिगन विद्यापीठात बार्थ आणि लॉटन यांनी केलेलं. म्हणजे चेंडू सापडण्याआधी एकोणीस वर्षं त्याचा तुकडा बाटलीत होता.

खोली मोजली तर कोरॅन्युलीनच्या वाटीचं बूड कडेपासून सुमारे ०.८७ अँगस्ट्रॉम (मीटरचा एक हजार कोटीवा भाग) खाली, सुमनीनचं सुमारे १.१. फरक ऐकायला किरकोळ वाटतो. कार्बन सपाटीतून किती उचलला गेलाय याचा कोन घेतला तर कोरॅन्युलीनच्या मधल्या कार्बनांना ८ अंशांच्या वर, सुमनीनला ९ च्या आसपास आणि पूर्ण गोळ्यात ११.६. अर्थात सुमनीन गोळ्याच्या जास्त जवळचं.

नावाबद्दल थोडं विषयांतर. कोरॅन्युलीन हे लॅटिनमधून आलं, गाभा आणि कडं. सुमनीन मात्र आपलं 'सुमन', फूल. हैदराबाद विद्यापीठात गोवर्धन मेहता आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये हा रेणू करायचा प्रयत्न केला तेव्हा हे नाव रूढ झालं. रेणू त्यांच्या हाती लागला नाही, नाव मात्र टिकलं, आणि दहा वर्षांनी जपानी मंडळींनी रेणू केला तेव्हा त्यांनीही तेच ठेवलं. भाचीला हे फार आवडलं, कारण आमच्या थोरल्या आत्याचं नाव सुमन. पण आत्याच्या नावावर प्रकल्प निवडू नये, एवढं मी बजावून सांगितलं.

करायचं कसं: ओलं पान की वाळलेलं पान

खरी निवड इथे होते. द्रोण लावणाऱ्या बायका पळसाची वाळकी पानं आधी पाण्यात भिजवतात. वाळकं पान तसंच वाकवलं तर तडकतं. ॲरोमॅटिक रेणूला सपाट राहायचं असतं, त्याला वाकवणं म्हणजे वाळकं पान वाकवणं. त्यासाठी तीन रस्ते निघाले: पान इतकं तापवायचं की तडकायच्या आत वळेल, थोडं भिजवून कडेकडेने शिवायचं, किंवा मुळातच ओलं, वाकडं पान घेऊन शेवटी वाळवायचं.

बार्थ आणि लॉटन यांनी ॲसेनॅप्थीनपासून निघून सतरा पायऱ्या चढल्या. शेवटी हाती एक टक्क्याहूनही कमी. रेणू असतो हे सिद्ध झालं, पण त्यावर पुढचं काम करण्याइतका माल कोणाकडेच नव्हता. त्यामुळे हा विषय जवळजवळ पंचवीस वर्षं तसाच पडून राहिला.

१९९१ मध्ये लॅरी स्कॉट यांनी तापवण्याचा रस्ता काढला. फ्लुओरँथीन नावाच्या सपाट रेणूवर ॲसिटिलीनच्या दोन शेपट्या लावायच्या आणि त्याची वाफ निर्वातात, क्वार्ट्झच्या नळीतून, १००० अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊ द्यायची. नळीत रेणू क्षणभरच असतो. त्या क्षणात तो इतका हलतो की सपाट सांगाडा वाकतो, शेपटीचं टोक कार्बिन, म्हणजे दोनच बंध असलेला अधाशी कार्बन, होऊन शेजारच्या कार्बन-हायड्रोजन बंधात घुसतं आणि कडं बंद होतं. पायऱ्या मोजक्याच. पहिल्या प्रयत्नात उतारा दहा टक्क्यांच्या आसपास होता, पुढे सुधारला. याच तऱ्हेने स्कॉट यांच्या गटाने २००२ मध्ये, ११०० अंशांना, थेट ६० कार्बनांचा गोळा वळून दाखवला.

वाचायला हे फार रोमांचक आहे. मीही त्यालाच भुललो होतो. आमच्या प्रयोगशाळेत एक जुनी नळीची भट्टी होती. मी तीन आठवडे त्यावर काढले. क्वार्ट्झची नळी उघड्या हातांनी धरायची नसते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. बोटांच्या घामातलं मीठ काचेवर राहतं आणि त्या तापमानाला नेमक्या तिथेच क्वार्ट्झ स्फटिक होऊन पांढरं, ठिसूळ पडतं. माझ्या नळीवर माझ्याच चार बोटांचे ठसे उमटले. पाचव्या वेळी ती तिथेच चिरली. आत निर्वात होता, त्यामुळे हवा शिरली आणि दोन महिन्यांचा माल काजळी झाला. भट्टीला मी दोष देत नाही. पण या रस्त्याची मूळ अडचण नळी नव्हेच. एका वेळी जेमतेम ग्रॅमच्या हिशेबात माल जातो, बराचसा काजळीत जातो, आणि रेणूवर आधीपासून लावलेला ऑक्सिजन किंवा नायट्रोजनचा कुठलाही नाजूक गट त्या आचेत टिकत नाही. वाटी हाती येते, पण नुसतीच.

म्हणून मी दुसरा रस्ता जास्त मानतो. द्रावणात, साध्या फ्लास्कात कोरॅन्युलीन करायची पद्धत जे. सीगल यांच्या गटाने आणि सिगुला-रॅबिडो जोडीने नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापासून बसवली. ही जरा तपशिलात सांगतो, कारण भाचीने निवडली तर तिचे सहा महिने यातच जाणार.

सुरुवात २,७-डायमिथाइलनॅप्थलीनपासून. त्यावर ऑक्झॅलिल क्लोराइड आणि ॲल्युमिनियमचा हॅलाइड घालून दोन कार्बनांचा पूल बसवायचा, पिवळं-केशरी क्विनोन मिळतं. मग ३-पेंटॅनोनबरोबर अल्कली टाकून जोडायचं, आणि आलेला माल ॲसेटिक ॲनहायड्राइडमध्ये नॉरबॉर्नाडाईनसह तापवायचा. इथे नॉरबॉर्नाडाईन ॲसिटिलीनचं सोंग घेऊन येतं: डिल्स-आल्डर (दोन रेणू जुळून नवं कडं करणारी रिॲक्शन) होते, कार्बन मोनॉक्साइड उडतो, सायक्लोपेंटाडाईन सुटून जातं आणि मागे नेमके दोन कार्बन राहतात. तयार झालं चार मिथाइल (एका कार्बनाचे गट) असलेलं फ्लुओरँथीन. अजून सपाटच.

आता त्या चार मिथाइलांवर एनबीएस (ब्रोमीन पुरवणारं रसायन) आणि दिव्याच्या उजेडात प्रत्येकी दोन, असे आठ ब्रोमीन चढवायचे. ही पायरी संथ आहे. आठवा ब्रोमीन बसेपर्यंत धीर लागतो, कारण शेजारी शेजारी एवढे जाडे अणू मावायला जागा नसते. जुन्या कृतींमध्ये इथे कार्बन टेट्राक्लोराइड असतो. ओझोनच्या करारामुळे आणि यकृताच्या काळजीमुळे तो आता सहज वापरायची चीज राहिलेला नाही, तेव्हा सरांशी द्रावकाचं आधीच बोलून घ्या. डोळे चुरचुरतात तेही सांगून ठेवतो.

पुढची पायरी मात्र पाहण्यासारखी. सिगुला आणि रॅबिडो यांनी २००० मध्ये दाखवलं की हा आठ ब्रोमीनवाला रेणू डायॉक्झेन आणि पाण्यात कॉस्टिक सोडा घालून उकळला की वाटी बंद होते. चार ब्रोमीन जातात, चार राहतात, आणि टेट्राब्रोमोकोरॅन्युलीन ८० टक्क्यांहून जास्त उतरतं. निर्वात नाही, भट्टी नाही, मौल्यवान धातू नाही. माझ्यासारख्या कारखान्यातल्या माणसाला कॉस्टिकने वाटी वळते हे वाचून जो आनंद झाला तो सांगता येणार नाही. शिवाय हे चार ब्रोमीनवालं पिल्लू कशातच नीट विरघळत नाही. एरवी ही शिवी, इथे सोय: गाळायचं, धुवायचं, शुद्धीकरणासाठी सिलिकाचा कॉलम लावायची गरज नाही. शेवटी उरलेले ब्रोमीन काढले की कोरॅन्युलीन. २०१२ मध्ये सीगल यांच्या गटाने द्रावणातल्याच वाटेने किलोच्या प्रमाणात ते करून दाखवलं. १९६६ मध्ये जे चिमटीत मावत होतं ते आता बरणीत भरतं.

सुमनीनची वाट

२००३ मध्ये ओसाकात साकुराई, डायको आणि हिराओ यांनी सुमनीन केलं ते तिसऱ्या रस्त्याने, ओलं पान घेऊन. मेहतांच्या गटाने आधी ट्रायफिनायलीनचा सपाट सांगाडा तापवून वळवायचा प्रयत्न केला होता. तिन्ही पूल काही बसले नाहीत. जपान्यांनी सपाट सांगाडा घेतलाच नाही.

त्यांनीही नॉरबॉर्नाडाईनच घेतलं, पण सोंग म्हणून नाही, हाडं म्हणून. त्याच्या एका दुहेरी बंधाच्या एका टोकाला ब्रोमीन, दुसऱ्याला ट्रायब्युटाइल टिन बसवायचं आणि तांब्याच्या क्षाराने तीन रेणू एकमेकांना जोडायचे. मध्ये बेंझीनचं कडं तयार होतं आणि बाहेर तीन कमानी उभ्या राहतात. कमानी तिन्ही एका बाजूला हव्यात. पण प्रत्येक कमान वर किंवा खाली, म्हणजे तीन नाणी उडवल्यासारखं: आठांपैकी दोनच वेळा तिन्ही सारखी पडतात. प्रत्यक्षातही हवा असलेला आणि नको असलेला समघटक (तेच अणू, मांडणी वेगळी) १ ला ३ असेच येतात. पहिल्याच महत्त्वाच्या पायरीवर पाऊण माल बाजूला.

मग ग्रब्जचा रुथेनियम उत्प्रेरक आणि एथिलीन. कमानीतले दुहेरी बंध सुटतात आणि शेजारच्या कमानीतल्या टोकाशी जुळतात. आता सांगाडा सुमनीनचाच आहे, फक्त कडेला सहा हायड्रोजन जास्त आणि त्यामुळे ताण कमी. शेवटी डीडीक्यू हे हायड्रोजन ओढून घेणारं रसायन घालून ते जादा हायड्रोजन काढून टाकायचे. पान वाळतं, वाटी कडक होते. कल्पना म्हणून मला ही कोरॅन्युलीनच्या तिन्ही रस्त्यांपेक्षा सुंदर वाटते. पायऱ्याही कमी.

तरी पायऱ्या कमी म्हणजे काम कमी, असं समजू नका. पहिल्या पायरीत ब्युटाइल लिथियम आणि पोटॅशियम टर्शरी ब्युटॉक्साइड एकत्र, खोल थंडीत; दोन्हींना ओलावा चालत नाही. जुलै-ऑगस्टात इथे विश्वामित्री नदीला पाणी चढलेलं असतं, भिंतींना ओल आलेली असते, दुपारी वीज एक गचका खाते. अशा हवेत सुक्या बर्फाच्या बाथवर ही रिॲक्शन चालवायची तर सराव हवा. टिनचा उरलेला माल कॉलमभर शेपटी ओढत येतो. सिलिकात थोडा पोटॅशियम कार्बोनेट मिसळला किंवा पोटॅशियम फ्लोराइडच्या पाण्याने धुतलं तर बराच अडतो. पण ट्रायब्युटाइल टिन विषारी आहे आणि त्याचा कचरा नळात जाऊ देता येत नाही. ग्रब्जचा उत्प्रेरकही किमती. एकदा फसलं की पुन्हा सगळं पहिल्यापासून, आणि पहिल्या पायरीवर पाऊण भाग सोडूनच.

एक गंमत दोन्ही रस्त्यांवर सारखी: नॉरबॉर्नाडाईनची बाटली. वास असा की झाकण नीट लागलं नाही तर मजलाभर कळतं. आमच्या वेळी एका मित्राने ती दुपारी उघडी ठेवली आणि शेजारच्या वर्गाने गॅस गळतीची तक्रार केली होती. वर्ग सुटला म्हणून मुलं खुश.

हातात आल्यावर कोण कसं वागतं

घरात शेंगदाण्याच्या तेलाचा पंधरा किलोचा डबा असतो, त्याचं रिकामं बूड अंगठ्याने दाबलं की टक् करून आत जातं, सोडलं की टक् करून बाहेर. या वाट्याही तशाच उलटतात. आतली बाजू बाहेर, बाहेरची आत. मध्ये क्षणभर सपाट व्हावं लागतं आणि त्याची किंमत ऊर्जेत मोजायची. कोरॅन्युलीनला ती सुमारे १० ते ११ किलोकॅलरी प्रति मोल, सुमनीनला सुमारे २०.

दुप्पट म्हणजे दुप्पट वेळ नव्हे. खोलीच्या तापमानाला कोरॅन्युलीन सेकंदाला लाखाच्या घरात उलटतं. सुमनीनचा तोच हिशेब केला तर एका उलटण्याला मिनिटभर किंवा जास्त लागतो. एनएमआरमध्ये, म्हणजे रेणूतले हायड्रोजन कुठल्या परिसरात आहेत ते चुंबकाने दाखवणाऱ्या यंत्रात, हे उघड दिसतं. कोरॅन्युलीनचे दहाही हायड्रोजन सारखे, ७.८ पीपीएमला (एनएमआरच्या पट्टीवरचं एकक) एकच शिखर, बाकी कागद कोरा. भाचीला वाटलं मशीन बिघडलंय. सुमनीनमध्ये मात्र त्या तीन कोपऱ्यांवरच्या दोन हायड्रोजनांपैकी एक वाटीच्या आत वळलेला, एक बाहेर. उलटणं संथ असल्याने दोघं वेगवेगळे दिसतात, एक डब्लेट (दुहेरी शिखर) ४.७ ला आणि दुसरं ३.४ ला. वाटी खरंच वाटी आहे, याचा पुरावा हवा असेल तर हे दोन डब्लेट छापून भिंतीवर लावा. कोरॅन्युलीनमध्ये तेच पाहायला आधी कडेला योग्य गट लावावा लागतो आणि नळी शून्याच्या बरीच खाली थंड करावी लागते. १९९२ मध्ये स्कॉट यांच्या गटाने तसंच केलं होतं.

पण खोली बदलून पाहायची हौस असेल तर कोरॅन्युलीन जास्त रंगतं. सीगल यांच्या गटाने दाखवलं की कोरॅन्युलीनच्या भावंडांमध्ये उलटण्याची किंमत वाटीच्या खोलीच्या चौथ्या घाताने वाढते. खोली दहा टक्क्यांनी वाढली तर किंमत जवळजवळ दीडपट. कडेवर दोन कार्बनांचा एक छोटा पूल टाकून घेर आवळला की वाटी खोल होते आणि किंमत २७ किलोकॅलरींच्या आसपास जाते. उलट कडेला जाडे अणू दाटीवाटीने बसवले की वाटी पसरट होते. एकाच विषयावर सात-आठ रेणू करून आलेख काढता येतो. एम.एस्सी.च्या प्रबंधाला आणखी काय हवं?

सुमनीनचं बळ त्या तीन कोपऱ्यांत आहे. तिथला हायड्रोजन तीव्र अल्कलीने निघतो. एक, दोन, तिन्ही कोपऱ्यांवरचा एकेक काढता येतो, आणि तिथे हवं ते बसवता येतं. येणारा गट वाटीच्या बाहेरच्या अंगाने बसणं पसंत करतो. कोरॅन्युलीनला असे कान नाहीत. दहा सारखे हायड्रोजन, कुठलाही एक पकडायला गेलात तर दुसरा हाती येतो. एकच ब्रोमीन हवा असेल तर थांबायचं कुठे ते सांभाळावं लागतं, आणि पाच समसमान हवे असतील तर त्याच्या वेगळ्या पद्धती आहेत. टेट्राब्रोमोवर थांबलात तर चार कान आयते मिळतात, हे विसरू नका. पुष्कळ लोक उगीच शेवटपर्यंत जाऊन पुन्हा ब्रोमीन लावत बसतात.

धातूंचं वागणंही निराळं. आमच्या आर्ट्स फॅकल्टीच्या घुमटासारखं: बाहेरून पाहिलं तर एक गोष्ट, आत उभं राहिलं तर दुसरी. धातू सहसा वाटीच्या बाहेरच्या, फुगीर अंगाला चिकटतात. सुमनीनवर मात्र सायक्लोपेंटाडायनाइलची टोपी घातलेलं लोखंड आतल्या, खोलगट बाजूला जाऊन बसतं, हे २००७ मध्ये हिराओ यांच्या गटाने दाखवलं.

स्फटिकात सुमनीन स्टीलच्या वाट्यांची चळत लागावी तसं एकात एक बसतं, दोन वाट्यांमध्ये ३.८६ अँगस्ट्रॉम. या चळतीच्या दिशेने इलेक्ट्रॉन आडव्या दिशेपेक्षा नऊ पटींनी सहज धावतात. म्हणून सेंद्रिय अर्धवाहक हा तुमचा विषय असेल तर सुमनीनला तोड नाही. नुसतं कोरॅन्युलीन अशी चळत लावत नाही, स्फटिकात वाट्या तिरक्या पडतात.

इलेक्ट्रॉन साठवायचे असतील तर पारडं पुन्हा फिरतं. कोरॅन्युलीन चार इलेक्ट्रॉन पचवतं. २०११ मध्ये मरिना पेत्रुखिना यांच्या गटाने दोन कोरॅन्युलीनच्या मध्ये पाच लिथियम आयन दाबून बसलेला सँडविच स्फटिकात पकडला. बॅटरीवाल्यांचं लक्ष तेव्हापासून इकडे आहे. फुलरीन पकडायचा चिमटा करायचा असला तरी कोरॅन्युलीनच: सिगुलांनी २००७ मध्ये दोन कोरॅन्युलीन एका आडव्या सांगाड्यावर बसवले आणि त्या दोन तळव्यांमध्ये गोळा नेमका अडकला. नागोयातल्या इतामींनी स्कॉट यांच्याबरोबर २०१३ मध्ये कोरॅन्युलीनपासून दोनच पायऱ्यांत ८० कार्बनांचा भयंकर वाकडातिकडा रेणू केला. ही सगळी कामं शक्य झाली कारण कोरॅन्युलीन उधळायला पुरेसं होतं.

उलट बाजूही सांगायला हवी. डावी-उजवी वाटी, म्हणजे आकारामुळेच येणारी कायरॅलिटी, हा प्रश्न सुमनीनच्या घराण्यात जास्त चांगला सोडवता येतो, कारण वाटी पटकन उलटून हातावर तुरी देत नाही. साकुराईंच्या गटाने २०१२ मध्ये तीन कार्बनांच्या जागी नायट्रोजन घालून अशी एक वाटी एकाच हाताची बनवली. ती इतकी खोल की उलटायला ४० किलोकॅलरींहून जास्त लागतात. उलटतच नाही म्हणा ना.

मग घ्यायचं काय

भाचीला मी तीन प्रश्न विचारले. तुझ्याआधी तुमच्या लॅबमध्ये ब्युटाइल लिथियम कोणी नियमित वापरतं का? नाही. टिनचा कचरा वेगळा गोळा करायची सोय आहे का? विचारावं लागेल. प्रबंधात एक रेणू पूर्ण करून दाखवायचाय की एखादा गुणधर्म मोजायचाय? इथे ती अडखळली, आणि खरी अडचण तीच होती. नुसता रेणू करून दाखवायचा असेल तर कोरॅन्युलीनचा फ्लास्कवाला रस्ता घे, टेट्राब्रोमोपर्यंत जा, त्यावरून दोन-तीन नवी भावंडं काढ. गुणधर्म मोजायचा असेल तर कोरॅन्युलीन कॅटलॉगातून विकत घ्या, सरांच्या ग्रँटला थोडी कळ सोसू दे, आणि पहिल्या महिन्यापासून मोजायला बसा. सहा महिन्यांत सुमनीन पहिल्यापासून करून वर त्याचा गुणधर्म मोजणं मला जमलं नसतं, आणि मी आळशी नव्हतो.

पीएच.डी.चा विचार करणाऱ्यांना सल्ला जरा वेगळा. कोरॅन्युलीनवर इतकं लिहिलं गेलंय की नवा कोपरा शोधायलाच वर्ष जाईल. सुमनीनमध्ये अजून मोकळी जागा आहे, विशेषतः तीन कोपऱ्यांवर तीन वेगवेगळे गट बसवण्यात. हात बसलेला असेल आणि गाइड पाठीशी असेल तर तिकडे जा. पहिलं वर्ष रडण्यात जाईल, तेवढी तयारी ठेवा.

आणि भट्टी? तुमच्या विभागात चालू स्थितीत आधीच असेल आणि कोणी जुनं माणूस शिकवायला असेल तर एकदा जरूर पाहा. विकत घेऊ नका. हातमोजे घालून नळी धरा.

सोमवारी रात्री तिचा फोन आला. अजून ठरलं नव्हतं. सरांनी आणखी एक आठवडा दिलाय. तोवर एक काम तिने उरकलं होतं, नॉरबॉर्नाडाईनची ऑर्डर टाकली. "ते तर दोन्हीकडे लागतंच ना, मामा." लागतंच. मी म्हटलं, बाटली आली की उघडायच्या आधी हूड चालू आहे का ते बघ, आणि दुपारच्या वर्गांना सांगून ठेव.